परतीचा चढ

सह्याद्रीत भटकणाऱ्या माणसाला दिवसाचा हिशोब वेगळा शिकवावा लागत नाही. अंधारात नाशिक सोडायचं, पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी ओट्यावर चहा-पोहे उरकायचे आणि उजाडता उजाडता चढाला लागायचं. हरिहर असो, धोडप असो की साल्हेर, कष्ट सगळे सकाळच्या वाट्याला. तेव्हा पाय ताजे असतात, ऊन कोवळं असतं, डब्यातली दशमी अजून मऊ असते. मध्येच कुणाचा गुडघा बोलायला लागला, आभाळ भरून आलं किंवा नुसता कंटाळा आला, तरी फार बिघडत नाही. मागे फिरायचं. मागे फिरणं म्हणजे उतरणं, आणि उतरणं म्हणजे घराकडे जाणं. इतकी वर्षं ह्यात काही विशेष आहे असं मला वाटलंच नव्हतं.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातली ग्रँड कॅन्यन ही दरी हा हिशोब उलटा करते. तिथे गाडी, हॉटेल, दवाखाना, गार सरबत, सगळं वर, कड्यावर. बघायचं ते खाली. सकाळच्या गारव्यात गप्पा मारत माणूस दोन-अडीच तासांत सहा-सातशे मीटर उतरून जातो, कपाळावर घामाचा थेंब नसतो, आणि पुढचं वळण अजून थोडं खाली बोलावत राहतं. चढ सगळा शिल्लक. तो करायचा कधी, तर पाय बोलायला लागल्यावर, बाटल्या हलक्या झाल्यावर, सूर्य माथ्यावर आल्यावर. उधारीवर माल देणाऱ्या दुकानदाराचा हा धंदा आहे. सकाळी हसून देतो आणि दुपारी वही काढतो. ‘खाली जाणं तुमच्या मर्जीचं, वर येणं सक्तीचं’ अशा अर्थाचं वाक्य तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर, म्हणजे रक्षक, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असतात.

हे मी जाऊन आल्यावर लिहीत नाहीये. जायचं आहे. माझ्या नणंदेची मुलगी फिनिक्सला असते. तिथून कॅन्यनचा दक्षिण कडा मोटारीने साधारण पावणेचारशे किलोमीटर. ताई (नणंदेला मी ताईच म्हणते) भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, साठी ओलांडलेल्या, आणि रविवारी घरी सापडल्या तर आजारी असतील असं समजावं. मागच्या खेपेला लेकीकडे गेल्या तेव्हा कड्यावर उभं राहून तासभर दरी बघून आल्या. तेव्हापासून डोक्यात एकच, नदीला हात लावून यायचं. बरोबर मी. माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, त्याचं मत असं की वरून जे दिसतं तेच खालून दिसणार, फक्त मान दुखेल.

आमच्या जेवणाच्या टेबलावर गेले काही महिने काचेखाली नकाशा आहे. पाहुणे आले की त्यावरच ताटं ठेवतो.

पहिला वाद झाला तो एका दिवसात जाऊन यायचं की नाही ह्यावर. ताईंचं म्हणणं, आपण दिवसभर चालणाऱ्या बायका, ब्राइट एंजल नावाची वाट एका बाजूने पंधरा किलोमीटर, त्यात काय मोठं? मग मी आकडे मांडले. वाट जिथून सुरू होते तो कडा समुद्रसपाटीपासून दोन हजार नव्वद मीटरच्या आसपास. तळाचा मुक्काम साडेसातशे मीटरवर. म्हणजे साडेतेराशे मीटर उतार आणि तेवढाच चढ. बारी गावातून कळसूबाईचा चढ आठ-नऊशे मीटर धरला, तर हा दीड कळसूबाई, आणि तोही पंधरा किलोमीटर उतरून झाल्यावर. ताई ऐकत होत्या, पण हलल्या नाहीत. त्यांना हलवलं दुसऱ्याच गोष्टीने. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर. कॅन्यनची वाट सुरूच होते त्याच्या साडेचारशे मीटर वरून. म्हणजे परतीचा शेवटचा टप्पा, जिथे माणूस सगळ्यात गळालेला असतो, तो महाराष्ट्रातल्या कुठल्याही माथ्यापेक्षा विरळ हवेत चढायचा. ताईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “मग मुक्काम करू.”

एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायचा प्रयत्न करू नका, विशेषतः मे ते सप्टेंबर, असं पार्कचंही स्पष्ट सांगणं आहे. करणारे करतात. मी त्यांच्याबद्दल काही म्हणत नाही. पण ज्या जागेची सूचना एवढी साधी आणि एवढ्या ठिकाणी लिहिलेली असते, तिथे ती कशासाठी लिहावी लागली असेल ह्याचा विचार करावा.

दरीत उतरायच्या मुख्य वाटा दक्षिण कड्यावरून दोन. उत्तर कडा तीनशे मीटरने आणखी उंच, हिवाळ्यात बंद, आणि जुलै २०२५ च्या वणव्यात तिथलं जुनं लॉज जळून गेलेलं. त्यामुळे तो विचार सोडला. दक्षिणेकडच्या दोन वाटांमधली ब्राइट एंजल ही मुळात हावासुपाई ह्या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची पायवाट. खडकातल्या एका मोठ्या भेगेतून ती उतरते, मध्ये झरा आहे, झऱ्यापाशी झाडं आहेत. माणसाने पिढ्यान् पिढ्या वापरलेली वाट अशीच असते, पाण्याला धरून चालणारी. आपल्या घाटवाटाही तशाच. १८९०च्या सुमारास राल्फ कॅमेरॉन नावाच्या गृहस्थाने ती रुंद केली, आजूबाजूला खाणींचे हक्क नोंदवले आणि उतरणाऱ्या प्रत्येकाकडून एक डॉलर टोल घ्यायला लागला. १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तरी तो हटेना. पुढे तर तो अ‍ॅरिझोनातून सिनेटवर निवडून गेला, त्यामुळे त्याला हटवणं आणखी अवघड. शेवटी पार्कने वैतागून १९२४-२५ मध्ये स्वतःची दुसरी वाट खोदली. तिचं नाव साउथ कायबॅब.

ही गोष्ट मी ताईंना मोठ्या चवीने सांगितली, कारण त्या वाटेचा सगळा स्वभाव त्या भांडणातून आलेला आहे. कायबॅबची वाट भेगेतून जात नाही, डोंगराच्या धारेवरून जाते. त्यामुळे दोन्ही बाजूंना दरी उघडी, देखावा असा की छायाचित्रं काढणारे तिथून हलत नाहीत. आणि त्याच कारणाने तिच्यावर पाण्याचा एक थेंब नाही, सावली जवळजवळ नाही. अकरा किलोमीटर, साडेचौदाशे मीटर, आणि नदीपर्यंत एकही नळ नाही. टोलनाका चुकवायला काढलेला रस्ता, बाकी काय!

हावासुपाईंचं काय झालं तेही सांगायला हवं. त्या मधल्या झऱ्यापाशी त्यांची शेतं होती. उद्यान झाल्यावर त्यांना हळूहळू बाहेर काढलं, शेवटचे रहिवासी १९२८ मध्ये गेले. त्याच वर्षी तळाशी कोलोरॅडो नदीवर झुलता पूल झाला, आणि त्याचे टनभर वजनाचे पोलादी दोर हावासुपाई माणसांनीच ओळीने खांद्यावर घेऊन कायबॅबच्या वाटेने खाली उतरवले. त्या झऱ्याच्या जागेला अधिकृतपणे हावासुपाई गार्डन्स हे नाव मिळालं २०२२ मध्ये. धरणाखाली गेलेल्या गावांच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला ह्यात परकं असं काही वाटत नाही.

नकाशावरची दुसरी गंमत ताईंनी शोधली. तळाशी जो सगळ्यात जुना, काळपट, चकाकणारा खडक आहे, त्याच्या प्रकारांची नावं विष्णू, ब्रह्मा आणि राम. शिवाय नदीच्या वर उभे सुळके आहेत, त्यांची नावं विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिव टेंपल. क्लॅरन्स डटन नावाचा भूशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात तिथे काम करत होता. जगभरच्या देवादिकांची नावं सुळक्यांना द्यायची प्रथा त्याने पाडली. “म्हणजे त्र्यंबकचं ब्रह्मगिरी सोडून आपण ब्रह्मा बघायला चाललोय,” ताई म्हणाल्या, आणि मग लगेच वर्गात शिरल्या. आपला सह्याद्री लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांमागचा. कॅन्यनच्या काठावरचा, म्हणजे तिथला सगळ्यात वरचा चुनखडक, सत्तावीस कोटी वर्षांचा. तिथली गाडी लावायची जागासुद्धा ब्रह्मगिरीच्या चौपट जुनी! आणि तळाचा विष्णू पावणेदोनशे कोटींच्या घरातला. नदीने ही दरी कापली ती मात्र अलीकडे, गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत. खडक म्हातारे, खड्डा तरुण.

पण खरी तयारी सुरू झाली ती पाण्यापासून.

आपल्या गडांवर पाणी असतं. टाकी खोदलेली असतात, कुठलं पिण्याचं ते माहितगार सांगतात, आणि नसलं तरी वाडीत कोणी हंड्यातून तांब्या भरून देतं. त्यामुळे नाशिकच्या ट्रेकरच्या मनात पाणी म्हणजे ‘दोन बाटल्या घे, वर मिळेल’. वाळवंटी दरीत असं चालत नाही. ब्राइट एंजलवर वरच्या दोन विश्रांतीच्या जागी नळ आहेत, पण ते हंगामी. थंडीत पाइप गोठू नयेत म्हणून बंद करतात. हावासुपाई गार्डन्सला पाणी मिळतं. हे पाणी येतं कुठून, तर उत्तर कड्याखालच्या एका झऱ्यातून, १९६०च्या दशकात टाकलेल्या पाइपलाइनने, नदी ओलांडून. अख्ख्या दक्षिण कड्याची, हॉटेलांची, नळांची तहान त्या एका पाइपवर आहे आणि तो वारंवार फुटतो. म्हणून नकाशात नळ दिसला तरी बरोबर पाणी शुद्ध करायच्या गोळ्या आणि निघायच्या आदल्या दिवशी रेंजरकडे चौकशी, हे दोन्ही यादीत आहे.

दुसरी गोष्ट मला नवी होती. तिथे माणसं फक्त तहानेने आजारी पडत नाहीत, पाणी पिऊन पिऊनही पडतात. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, निघाला की उडतो. अंग कोरडं म्हणून वाटतं सगळं ठीक आहे. घामाबरोबर मीठ जात असतं. माणूस घाबरून लिटरवर लिटर नुसतं पाणी पितो, रक्तातलं सोडियम पातळ होतं, मग मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं वागणं, आणि हाताबाहेर गेलं तर फिट येणं. ऊन लागल्याची आणि ह्याची सुरुवात इतकी सारखी दिसते की बरोबरचे लोक अजून पाणी पाजतात आणि प्रकरण वाढवतात. उपाय एकच, पाण्याबरोबर खारं खात राहायचं, भूक नसली तरी.

हे वाचल्यावर आमचं अर्धं काम झालं, कारण खारट खाण्याच्या बाबतीत नाशिककराला कोणी शिकवावं अशी वेळ आलेली नाही. यादी ताईंनी केली: चिवडा, खारे शेंगदाणे, मेतकूट-पोहे, लिंबाचं लोणचं छोट्या डबीत, मीठ-साखरेची पुडी, आणि आपल्याकडचे बेदाणे. भाचीने फोनवर सांगितलं, “मामी, ताजं फळ आणू नका, विमानतळावर काढून टाकतील. आणि आईला सांग, गूळ-शेंगदाण्याचे लाडू इथे मी करते, बॅगेत तीन किलो आणू नकोस म्हणावं.” ताईंनी ते ऐकलं आणि उत्तर दिलं नाही. माझा अंदाज, लाडू येणार.

मोसमावर वाद झाला नाही. उन्हाळ्यात तळाशी सावलीत त्रेचाळीस अंशांच्या वर जातं आणि तिथे फारशी सावली नाही. दरी भट्टीगत तापते, कड्यावर आल्हाददायक असतं तेव्हाही तळ दहा-बारा अंशांनी जास्त. सकाळी दहा ते दुपारी चार चालू नका, असं तिथे सांगतात. एप्रिलमध्ये दुपारी नाशिकच्या शालिमार चौकात जाऊन आलेल्या माणसाला हा सल्ला कळतो. पण मला अनपेक्षित वाटलं ते हे की वाळवंटालाही पावसाळा असतो. जुलै ते सप्टेंबर दुपारी गडगडाटी पाऊस येतो, तोही तुम्ही उभे आहात तिथे येईलच असं नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी त्याच राज्यातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये अकरा पर्यटक वाहून गेले. ही दरी अगदी अरुंद, दोन भिंतींमधली चीर. माणसं उभी होती तिथे पाऊस जेमतेम. तो पडला कित्येक किलोमीटर वर, आणि कोरड्या, टणक, पाणी न पिणाऱ्या जमिनीवरून सगळा एका चिरेत घुसला.

ह्याची कल्पना करायला आम्हाला अ‍ॅरिझोनात जायची गरज नाही. सांधण दरी पावसाळ्यात बंद असते ती ह्याच कारणाने. साम्रदच्या बाजूने दरीत शिरलं की डोक्यावर आकाशाची एक पट्टी उरते. रतनगडावर काय कोसळतंय ते आत कळणार नाही. आणि त्र्यंबकच्या पुढे दुगारवाडीच्या धबधब्यापाशी ओढ्याचं पाणी वाढून लोक पलीकडे अडकल्याच्या बातम्या आपण वाचतो, चुकचुकतो, आणि पुढच्या शनिवारी तिथे तेवढीच गर्दी असते. हे मला खरंच समजत नाही. दगडाच्या घळीतून बाहेर पडायला वाट एकच असते आणि पाणीही तीच वापरतं, एवढं कळायला भूगोलाची पदवी लागत नाही.

म्हणून ऑक्टोबर. वर पहाटे हात गारठतील, तळाशी दुपारी आपल्या ऑक्टोबर हीटइतकंच. मार्च-एप्रिलही चालतो, पण वरच्या टप्प्यात बर्फ आणि घसरडं असू शकतं, बुटांखाली लावायचे काटे घ्यावे लागतात. कुठल्या सालचा ऑक्टोबर, हा प्रश्न मात्र घरगुती आहे. २०२७ मध्ये सिंहस्थाची स्नानं, त्या पावसाळ्यात आमच्या घरी किती पथाऱ्या पडतील ह्याचा अंदाज करवत नाही. सासरचं गोत मोठं आहे. “सिंहस्थाच्या आधी गेलं तर पाय धड असतील, नंतर गेलं तर पुण्य गाठीला असेल,” नवरा म्हणाला. ताईंनी पाय निवडले.

व्हिसा, तिकीट, विमा ह्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रांगा आणि कागद. परवान्याचं मात्र सांगते. दिवसभराच्या चालण्याला परवाना लागत नाही, दरीत रात्र काढायची तर लागतो, आणि तो चिठ्ठ्या टाकून देतात, साधारण चार महिने आधी. तळाशी फँटम रँच नावाचा जुना मुक्काम आहे, १९२२ मधला, मेरी कोल्टर ह्या वास्तुरचनाकार बाईंनी आखलेला; तिथल्या खाटांसाठी तर चिठ्ठ्या पंधरा महिने आधी. पंधरा महिन्यांनंतरच्या कुठल्या तारखेला आपले गुडघे कसे असतील हे साठीच्या बाईने आज लिहून द्यायचं! मला आधी ह्याचा राग आला. आपण माणसं शुक्रवारी रात्री ठरवून शनिवारी निघणारी. मग हरिहरच्या पायऱ्यांवरची रविवारची रांग आठवली, वरच्याला उतरता येत नाही, खालच्याला चढता येत नाही, आणि कातळात अडकलेल्या चिप्सच्या पिशव्या. चिठ्ठी बरी.

आमचा बेत आता असा आहे. पहिल्या दिवशी पहाटे कायबॅबने उतरायचं, कारण ती वाट छोटी, देखणी, आणि पाणी नसलं तरी उतारावर पाणी कमी लागतं. रात्री तळाशी तंबूत. दुसऱ्या दिवशी ब्राइट एंजलने फक्त हावासुपाई गार्डन्सपर्यंत, चारशे मीटरच चढ, झाडाखाली आराम, तिथेच मुक्काम. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उरलेला सव्वानऊशे मीटर चढ, ऊन वाटेवर येईपर्यंत बराचसा मागे पडलेला. चढ असा दोन सकाळींत वाटला की तो आपल्या सवयीचा होतो. चिठ्ठी लागली नाही, तर एका दिवसात हावासुपाई गार्डन्सपर्यंतच जाऊन वर. येऊन-जाऊन साडेचौदा किलोमीटर, नदीचं दर्शन नाही. हा दुसरा बेत ताईंना मान्य आहे, म्हणजे त्या गप्प आहेत.

सराव कुठे करायचा, हा खरा पेच होता. आपले सगळे डोंगर सुलटे. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर दम वाढतो, पण आधी उतरून मग चढायची सवय तिथे होत नाही. त्याचं उत्तर सापडलं घाटवाटांमध्ये. घाटघरवरून चोंढे घाटाने कोकणात उतरायचं आणि त्याच वाटेने परत वर यायचं. कोणी असं करत नाही. लोक खाली उतरून एसटी पकडतात. चोंढ्यात एका आजींनी विचारलं, “वर परत कशाला? काही विसरलं का?” उतार कॅन्यनच्या निम्म्याहून कमी, डिसेंबरातला, वाटेत झाडी, तरी फरक कळला. उतरताना आम्ही दोघी अखंड बोलत होतो. वर येताना ताई एकदाच बोलल्या, तेही पाण्याबद्दल. वेळ जवळपास दुप्पट लागला, आणि पार्कवालेही नवख्यांना हेच गणित देतात, उतरायला जेवढा वेळ त्याच्या दुप्पट चढायला. पाण्याचंही तसंच, एक भाग उतरताना, दोन भाग परतीला.

त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट जाणवली. खाली जाताना कुठे थांबायचं हे खाली जाताना ठरवता येत नाही. तेव्हा अंग इतकं खूश असतं की त्याची साक्ष धरण्यात अर्थ नाही. सह्याद्रीत शरीराचं ऐकायचं असतं, ते चढावर आधीच तक्रार करतं. दरीत ते तक्रार करतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून परत फिरायची वेळ इथे, नाशिकला, पोट भरलेलं असताना आणि पंख्याखाली बसून कागदावर लिहून ठेवायची, आणि तिथे वळण कितीही छान दिसलं तरी घड्याळ बघून पाठ फिरवायची. आमच्या दुसऱ्या बेताच्या कागदावर लिहिलंय, सकाळी नऊ. गार्डन्स समोर दिसत असली तरी नऊ.

बाकी सामानाच्या गोष्टी बारीक आहेत, पण त्यांत मजा आहे. आयुष्यभर आम्हाला सांगितलं गेलं की ट्रेकला सुती कपडे नकोत, भिजले की वाळत नाहीत. कोरड्या उन्हात नेमका हाच गुण कामाचा. शर्ट ओला करून घालायचा, वाळेपर्यंत गारवा देतो. त्यामुळे ताईंचे कपाटातले जुने सुती सदरे आणि मेन रोडवरून आणलेले दोन पंचे बॅगेत आहेत. पहाटेच्या आणि रात्रीच्या थंडीसाठी वेगळं. काठ्या दोन-दोन, गुडघ्यांसाठी. पायाची नखं निघायच्या आधी कापायची, नाही तर उतारावर बुटाच्या टोकाला आपटून काळी पडतात. खेचरांची रांग आली तर वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला निमूट उभं राहायचं, त्यांना हाकणारा सांगेल तसं. आणि खारी. तिथे पर्यटकांना चावे घेण्यात खारी आघाडीवर आहेत. खाण्याच्या वासाने पिशव्या कुरतडतात. अंजनेरीच्या माकडांपुढे चष्मा वाचवलेल्या बायका आम्ही, खारीचं बघून घेऊ.

एका गोष्टीवर तोडगा निघालेला नाही. ताईंना नदीत डुबकी मारायची आहे. गोदेच्या काठी वाढलेल्या बाईला नदीपर्यंत जाऊन कोरडं परत यायला सांगायचं कसं? पण कोलोरॅडोत उतरू नका असं तिथे बजावतात आणि त्याला कारण आहे. वर ग्लेन कॅन्यन धरण आहे, १९६३ पासून त्यात पाणी अडवलेलं. ते खालून, जलाशयाच्या खोल थरातून सोडतात, म्हणून वाळवंटात असूनही पाणी बर्फासारखं गार, आणि ओढ जबर. गंगापूर धरणातून विसर्ग सोडल्यावर रामकुंडावर काय होतं ते ताईंनी लहानपणापासून पाहिलंय. तरी म्हणतात, “पायरीवरून.” तिथे पायरी नाही. मी त्यांना मुक्कामाजवळून वाहणारा ब्राइट एंजल ओढा दाखवला नकाशावर. त्यात पाय सोडून बसतात लोक. त्यावर त्यांनी विचारलं की तो ओढा नदीला मिळतो ना, मग पाणी तेच. मी हो म्हटलं. हा प्रश्न भूगोलाच्या शिक्षिकेने विचारला होता, म्हणून त्यावर जास्त बोलले नाही.

नवऱ्याची भूमिकाही ठरली आहे. तो कड्यावर थांबणार, भाचीबरोबर. आमच्या वेळा लिहिलेला कागद त्याच्या खिशात असणार: कुठल्या दिवशी कुठे, शेवटच्या दिवशी वर किती वाजता, आणि त्या वेळेनंतर किती तास वाट बघून रेंजरच्या कचेरीत जायचं. मोबाइल दरीत बहुतेक लागत नाही, त्यामुळे हा कागद हाच आमचा फोन. भाऊ आहे म्हटल्यावर ताईंनी त्याच्याकडून वेळा पाठ म्हणून घेतल्या. तीन दिवस वर बसून मी काय करू, असं त्याने विचारलं. ताई म्हणाल्या, फँटम रँचमधून पत्र टाकलं तर खेचरावरून वर येतं, त्यावर तसा शिक्काही मारतात. मी तुला रोज एक लिहीन. तो म्हणाला, खेचर तुमच्या आधी वर पोचलं तर मी लगेच रेंजरकडे जातो. ही ओळ आम्ही कागदावर घेतलेली नाही.